डीकनने दिलेली ओळ

शनिवारी दुपारी बोस्टनहून आलेला घोडेस्वार एक छापील कागद देऊन गेला आणि हार्टवेल गावात कुणाचे पाय जमिनीवर राहिले नाहीत. तेरा वसाहतींनी मिळून इंग्लंडच्या राजाशी काडीमोड घेतला होता! लोहाराने भात्यावरचं काम टाकलं, बायकांनी चुलीवरची भांडी तशीच सोडली, आणि जो तो दुसऱ्याला गाठून तीच बातमी नव्याने सांगायला लागला. रविवारी उपासना झाली की पाळकांनी हा जाहीरनामा प्रार्थनाघरात मोठ्याने वाचून दाखवावा, असा वरून हुकूम होता.

आता रविवार म्हणजे या गावात मोठं अवघड प्रकरण. रविवारी हसायचं नाही, पळायचं नाही, गाडी जुंपायची नाही, कागदावर शाईचा ठिपकादेखील काढायचा नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं चाललं होतं. आतून नुसती फुटायची वेळ आलेली, आणि चेहरे मात्र गंभीर.

कॅप्टन एलीहू थॅचरना तेवढंही जमत नव्हतं. गावच्या फौजेचे ते कॅप्टन, सगळ्यात मोठी शेतीवाडी त्यांची, आणि झिल्पा व तिची मुलगी तामार या त्यांच्याच मालकीच्या गुलाम.

"झिल्पा! माझा निळा कोट कुठाय? अगं, आज आपण स्वतंत्र झालो!"

"हा घ्या, मालक." झिल्पाने कोटावरून ब्रश फिरवला. "आपण म्हणजे कोण कोण?"

"कोण कोण काय? सगळे! सगळा देश!"

"मग तामार उद्या जाणार नाही?"

कॅप्टनचा हात बाहीत अर्धाच राहिला. "त्याचा याच्याशी काय संबंध? काहीही बोलतेस सणासुदीच्या दिवशी."

सोमवारी सकाळी थॅचरांची लेक मेहिटेबल, म्हणजे घरची हिटी, लग्नासाठी न्यू लंडनला निघणार होती. नवरदेव जहाजांचा व्यापारी. हिटीबरोबर पलंग, पितळी कढया, दोन गाई आणि तामार असं सगळं आंदण जायचं होतं. तामार पंधरा वर्षांची. त्या व्यापाऱ्याची जहाजं साखरेच्या बेटांवर जातात आणि जाताना नुसतं लाकूड नि मासळीच नाही, विकायला माणसंही नेतात, हे झिल्पाला पक्कं ठाऊक होतं. ती स्वतः अशाच एका जहाजातून आली होती, आईचा हात सुटलेली, सहा-सात वर्षांची. म्हणून तिने सफरचंदाच्या घाण्यामागे एक गाठोडं बांधून ठेवलं होतं. पाव, चीज, दोन घोंगड्या. अंधार पडला की लेकीला घेऊन पळायचं, बस्स. कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं. पळालेल्यांमागे कुत्री सोडतात, तेवढं माहीत होतं.

प्रार्थनाघरात झिल्पा आणि तामार नेहमीप्रमाणे मागचा अंधारा जिना चढून वरच्या सज्ज्यात जाऊन बसल्या. काळ्या माणसांची जागा तिथे, छताला लागून, उन्हाळ्यात भाजून निघायची. खाली मधल्या बाकांवर गाव बसलेलं. झोपणाऱ्याला डिवचणारा काठीवाला आज बेकार होता. डुलकी कुणाला येणार!

पाळकबुवा स्वातंत्र्यावर प्रवचनाला उभे राहिले आणि असे काही तापले की बाकं हादरली. पण अति तिथे माती. प्रवचनाच्या शेवटी त्यांचा आवाज बसला तो बसलाच. जाहीरनामा हातात घेतला, तोंड उघडलं, आणि फक्त शिट्टीसारखी हवा आली. खाली कुणीतरी हसलं. काठीवाल्याला अखेर काम मिळालं.

पाळकबुवांनी कागद आपल्या मदतनिसाच्या, डीकन ओबद्याच्या हातात कोंबला.

हा म्हातारा डीकन उभ्या आयुष्यात गावाला स्तोत्रं म्हणायला ओळ देत आला होता. पुस्तकं मोजक्यांकडे, वाचता येणारे त्याहून कमी. म्हणून डीकनने एक ओळ सुरात म्हणायची, थांबायचं, आणि सगळ्यांनी ती परत म्हणायची, ही इथली रीत. कुणी पुटपुटलं तर डीकन कानामागे हात धरायचा आणि म्हणायचा, "सज्ज्यापर्यंत पोचलं नाही. पुन्हा!" गावातली तरुण पोरं या रीतीला कंटाळली होती. पण सज्ज्यातल्या माणसांचा म्हाताऱ्यावर जीव होता, कारण त्यांच्यापर्यंत काहीतरी पोचावं असं वाटणारा तेवढा एकच होता.

डीकनने चष्मा लावला. तेवढ्यात पुढच्या बाकावरून लोहाराची म्हातारी सासू उठली.

"ओबद्या, मला एक कळत नाही. राजाशी तुटलं ना? मग त्याला कळवा आणि मोकळे व्हा. आम्हाला कशाला वाचून दाखवता?"

"आजी, खाली बसा!" कॅप्टन थॅचर ओरडले.

"बसते, बसते. तू मला बसायला शिकवू नकोस, एलीहू. तुला चालायला मी शिकवलंय."

डीकन म्हणाला, "बरोबर विचारलंस, मार्था. हे राजासाठी नाहीच. राजाला कळवायला तोफा आहेत. हे सगळ्या जगासाठी आहे. असं बघ, माणूस गुपचूप निघून गेला तर लोक म्हणतात पळाला. चोर असेल, कृतघ्न असेल. पण तो चारचौघांत उभा राहिला, आपण काय खरं मानतो ते बोलला, काय काय सोसलं ते बोलला, आणि मग म्हणाला की आता मी निघालो, तर त्याला पळाला म्हणता येत नाही. म्हणून हा कागद."

 वर झिल्पाच्या डोळ्यांपुढे घाण्यामागचं गाठोडं आलं.

डीकन वाचू लागला. आता हाडीमाशी खिळलेली सवय. त्याने तोंड उघडलं ते स्तोत्राच्या सुरात, पहिल्या तुकड्याला श्वास घेतला आणि थांबला. आणि गावाने, जन्मापासूनच्या सवयीने, तो तुकडा एका आवाजात परत म्हटला!

क्षणभर सगळे दचकले. पाळकबुवांनी हात हलवले, पण ओरडणार कशाने? डीकनने कागदाकडे पाहिलं, गावाकडे पाहिलं, आणि पुढचा तुकडा दिला. गावाने तोही म्हटला, या खेपेला दुप्पट जोरात. सकाळपासून कोंडलेला आनंद होता तो. रविवारी ओरडायची बंदी, पण डीकनने दिलेली ओळ म्हणायला कोण अडवणार!

"सगळी माणसं समान घडवलेली आहेत," डीकनने ओळ दिली.

"सगळी माणसं समान घडवलेली आहेत!" गाव गरजलं. झिल्पाने कठड्यावरून वाकून पाहिलं. कॅप्टन थॅचर चक्क उभे राहिले होते, एक हात छातीवर, मानेच्या शिरा फुगलेल्या. आणि तिच्या लक्षात आलं की तिचंही तोंड हलतंय. तामारचंही हलत होतं. सज्ज्यातले सगळे म्हणत होते. हे शब्द तिच्या तोंडाने तिच्याच कानाला सांगितले.

मग राजाचे अपराध आले, एकामागून एक. गावाने प्रत्येक अपराध चघळून चघळून म्हटला. आम्हाला न विचारता आमच्यावर कर बसवले! आम्हाला समुद्रापार नेलं! कॅप्टन थॅचरना तर हे म्हणताना भरून आलं. हा माणूस उभ्या जन्मात बोस्टनच्या पलीकडे गेला नव्हता. झिल्पाला हसू फुटलं. तिने एप्रनचा बोळा तोंडात धरला, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले.

"तामार," ती कुजबुजली, "आज रात्री पळायचं नाही."

"म्हणजे? आई, मग उद्या गाडी..."

"तू इथेच थांब. खिडकीपाशी. मी बोलावल्याशिवाय खाली यायचं नाही."

बाहेर हिरवळीवर सायडरचं, सफरचंदाच्या दारूचं पिंप उघडलं होतं. कॅप्टन घोड्यावर चढायच्या दगडी ओट्यावर उभे राहून पेला उंचावत होते. गर्दी भोवती जमली होती. झिल्पा त्या गर्दीतून सरळ चालत ओट्यापाशी आली. आयुष्यात इतकं हलकं तिला कधी वाटलं नव्हतं.

"मालक, तुम्ही म्हणालात."

"काय म्हणालो?"

"सगळी माणसं समान. देवाच्या घरात उभं राहून. मी वरून पाहिलं."

"अगं, ते राजाबद्दल होतं!"

"राजाचं नाव त्या ओळीत नव्हतं. मी नीट ऐकली. म्हटलीसुद्धा."

आसपास हशा पिकला. कॅप्टनचा चेहरा लाल झाला. आपलेच दात, आपलेच ओठ. चावून कुणाला दाखवणार? "झिल्पा, घरी जा. घरी बोलू."

"नाही. डीकनबाबा म्हणाले, चारचौघांत बोलायचं. मग पळाली म्हणता येत नाही." आणि तिने मान वर केली, डीकनच्या त्याच सुरात पहिली ओळ दिली, आणि थांबली.

"माझी मुलगी माझी आहे."

ओळ परत आली नाही. कुणाच्या हातातला पेला तसाच राहिला. झिल्पाला वाटलं, संपलं. आता सगळे हसतील आणि उद्या गाडी निघेल. 

"तिची मुलगी तिची आहे," एक बारीक आवाज आला.

हिटी होती. नव्या शिवलेल्या झग्यातली, गाईंची नि कढयांची मालकीण. लहानपणी झिल्पाच्याच मांडीवर झोपलेली. ती रडत होती. "बाबा, मला नको तामार. काल रात्री ती माझे केस विंचरत होती आणि तिचा हात थरथरत होता. मला सगळं कळत होतं आणि मी गप्प बसले. मला कढया पुरेत."

झिल्पाला एवढंच हवं होतं. ती पुढे बोलली. "मला न विचारता मला समुद्रापार आणलं."

या खेपेला लोहाराच्या सासूने म्हटलं, मग लोहाराने, मग सज्ज्यातून उतरून दारापाशी उभ्या राहिलेल्या माणसांनी. आत हीच ओळ म्हणून अर्धा तासही झाला नव्हता, ती सगळ्यांच्या जिभेवर ताजी होती. काहीजण तोंड घट्ट मिटून उभे होते, तिच्याकडे डोळे वटारून. पण बाकीच्यांचा आवाज त्यांच्या डोक्यावरून जात होता.

"तीस वर्षं राबले, एक दिवस माझा नव्हता."

म्हटलं.

"म्हणून आजपासून मी आणि माझी लेक कुणाच्या मालकीच्या नाही."

हेही म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर सगळ्यांनी ओट्याकडे पाहिलं.

कॅप्टननी घाम पुसला. माणूस वाईट नव्हता, फक्त आजवर कुणी त्याला त्याचे स्वतःचे शब्द परत दिले नव्हते. "बरं," ते म्हणाले, "बरं. उद्या वकिलाकडे जाऊ. कागद करू. आज रविवार, आज लिहिता येत नाही."

उद्या!  उद्या गाडी होती, उद्या कॅप्टनचं मन फिरवायला हिटीची आई होती, उद्या सायडर उतरलेला असणार होता.

"लिहिता येत नाही," गर्दीतून वाट काढत डीकन ओबद्या म्हणाला, "बोलायला बंदी नाही. कागद उद्या कर, एलीहू. आज साऱ्या गावाच्या साक्षीने तोंडाने म्हण. मी ओळ देतो." आणि त्याने दिली. "झिल्पा आणि तामार स्वतंत्र आहेत."

कॅप्टननी बुटाकडे पाहिलं आणि काहीतरी पुटपुटले.

डीकनने कानामागे हात नेला. पण त्याच्या आधीच वरून आवाज आला. सगळ्यांनी माना वर केल्या. सज्ज्याच्या छोट्या खिडकीतून तामार अर्धी बाहेर वाकली होती. दिवसभर कुजबुजण्यापलीकडे न गेलेली पोर.

"सज्ज्यापर्यंत पोचलं नाही!" ती ओरडली. "पुन्हा!"

पाळकबुवांसकट सगळं गाव रविवार विसरून खदखदून हसलं. एकटी झिल्पा हसली नाही. ती कॅप्टनकडे बघत होती. कॅप्टननी टोपी काढली, खिडकीकडे तोंड केलं, आणि कवायतीला लावतात तसा आवाज लावला.

"झिल्पा आणि तामार स्वतंत्र आहेत!"

खिडकीतल्या मुलीने ते ऐकलं, थोडा वेळ नीट तपासून पाहिलं, आणि मान हलवली.

"पोचलं," ती म्हणाली. "आई, मी खाली येऊ?"

"मला काय विचारतेस?" झिल्पा ओरडली. "तुला यायचंय का?"