धनेश, उंदीर आणि कोंडीबा

सोलापूर जिल्ह्याच्या जडणघडणीत जंगलाचा वाटा फार मोठा आहे. फक्त जिल्ह्यात जंगल नाही. तरीही अठ्ठ्याहत्तर साली माळावरच्या पाखरांसाठी एक सरकारी राखणदार नेमायचं ठरलं, आणि मुलाखत घ्यायला कोकणातून बदलून आलेले साहेब बसले.

कोंडीबाला ही नोकरी हवी होती. बहात्तरच्या दुष्काळात त्याची स्वतःची मेंढरं संपली. तेव्हापासून तो दुसऱ्यांची वळत होता आणि बायको, बजाबाई, रस्त्यावर खडी फोडत होती. पगार सुरू झाला की हातोडा विहिरीत टाकणार, असं तिनं सांगूनच ठेवलं होतं.

साहेबांनी छापील कागदावरून वाचलं, "घनदाट अरण्यातला दुर्मिळ होत चाललेला धनेश आणि वाळवंटातला बिळात राहणारा उंदीर, यांची तुलना करा."

"ह्यातलं हितं कोण ऱ्हातंय?"

"प्रश्न आम्ही विचारायचे."

मग साहेबांनीच चित्रं दाखवली. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते; नर फटीतून फळं भरवतो. उंदीर जमिनीत घर करतो, दारं चार ठेवतो.

"घरधन्याच्या भरवशावर कोंडून घ्यायचं?" कोंडीबा म्हणाला. "आमच्या बजाबाईला सांगून बगा की. उंदीरच शाना. दुष्काळात आमी माळावरच्या उंदरांची बिळं उकरून जोंधळा काडला, भाकरी केल्या. त्येंना कुनी राखनदार दिला व्हता का? दुसऱ्या साली हाईतच की परत!"

"चूक. धनेश श्रेष्ठ, असं उत्तरात लिहिलंय. तसं म्हणा."

"न्हाय म्हननार."

"नोकरी पाहिजे ना?"

"लई पाहिजे. पर आमचा माळढोक झाडावर बसत न्हाय. उघड्या भुईवर एक अंडं घालतो, बास. त्येच्यावर मेंढराचा पाय पडू न्हाय म्हून कळप कुटनं वळवायचा, ते इचारा, सांगतो. धनेश राखायचा आसंल तर आदी झाडं लावा, साहेब. उगवली की मला बोलवा."

साहेबांचे कान लाल झाले. शेजारच्या कारकुनानं वाकून त्यांना काहीतरी सांगितलं. बराच वेळ कुजबुज चालली. शेवटी साहेबांनी कागदावर सही ठोकली आणि कोंडीबाकडे न बघता म्हणाले, "सोमवारपासून या."

मंद्रूपच्या बाजारात कोंडीबानं ही हकिगत महिनाभर सांगितली. पहिल्या बाजाराला साहेब नुसते गप्प झाले होते. चौथ्या बाजाराला उभे राहून हात जोडत होते. सरकारला तोंडावर सुनावलं म्हणूनच जागा मिळाली, यावर सगळ्यांचं एकमत झालं.

त्या जागेसाठी अर्ज एकच आला होता.