बावन्न मिलिमीटर

विमलाआत्याच्या फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक पांढरं कार्ड वर्षभर लावलेलं होतं. त्यावर निळ्या शाईत तीनच अक्षरं होती : एन. ए. एस. स्नेहल जूनमध्ये तिच्याकडे राहायला आली आणि पहिल्याच दिवशी तिने हे काय म्हणून विचारलं. आत्या भाकरी थापत होती.

"नॉट अ‍ॅज शेड्यूल," मान वर न करता आत्या म्हणाली. "नियमाप्रमाणे नाही. म्हणजे बघायचीसुद्धा गरज नाही."

लिटल हार्डन हे इंग्लंडमधल्या चिल्टर्नच्या टेकड्यांमधलं साठेक घरांचं गाव. आत्याने तीस वर्षं लंडनजवळच्या स्लाऊ शहरात, ट्रेडिंग इस्टेटमधल्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं तपासली. रिटायर झाल्यावर स्लाऊचं घर विकून तिने इथे गारगोट्यांच्या भिंतींचं एक बुटकं कॉटेज घेतलं. बाई शांततेसाठी आली असणार, असं गावाला वाटलं. आत्या आली होती मातीसाठी. घराच्या तिन्ही बाजूंना माती होती, आणि तीन वर्षांत तिने त्यातली वीतभरही रिकामी ठेवली नव्हती. फाटकापासून दारापर्यंत झेंडू, भिंतीलगत शेवंती, आणि मागे, जिथे ऊन सगळ्यात जास्त वेळ टिकतं तिथे, डेलिया.

मागच्या ऑगस्टमध्ये तिने गावच्या फ्लॉवर शोमध्ये झेंडू मांडले होते. वर्ग सतरा, पाच फुलं. बाकी सगळ्यांनी लांब देठांची फुलं फुलदाणीत उभी केली. आत्याने आयुष्यभर खुडली तशी खुडली. नुसतं फूल, मानेपासून. रविवारी स्लाऊच्या बुद्धविहारात वंदनेसाठी जाताना ती नेते तशीच, स्टीलच्या ताटलीत गोल रचून. जज ताटलीपाशी थांबलाही नाही. चालता चालता कार्ड टाकून पुढे गेला.

स्नेहलने नुकतीच वनस्पतिशास्त्राची पदवी घेतली होती. नोकरी ऑक्टोबरला सुरू व्हायची होती, तोपर्यंत उन्हाळा मोकळा होता. तिने शोचं शेड्यूल, म्हणजे नियमांचं पुस्तक, मागवलं आणि प्रयोगशाळेतली कृती वाचावी तसं पेन घेऊन वाचलं.

"आत्या, चूक तुझीच होती. इथे लिहिलंय, देठ पाहिजेच."

"देठ कशाला? देठाबरोबर दोन कळ्या जातात. आपल्याला फूल हवंय, त्यासाठी झाडाचा हात कशाला तोडायचा?"

हे खरं आहे का, असं स्नेहलच्या मनात आलं, आणि मनात आलेलं तपासल्याशिवाय तिला राहवत नसे. तिने अकरा झाडांवर फूटभर देठाच्या जागा धरून तेवढ्या देठावरच्या कळ्या मोजल्या.

"सरासरी दोन पूर्णांक तीन," संध्याकाळी तिने जाहीर केलं.

"मी दोन म्हटलं होतं," आत्या म्हणाली. "तीन दशांश तुझ्या शिक्षणाचे."

ठरलं ते असं : यंदा नियम मोडायचा नाही, अक्षर न् अक्षर पाळायचा. वर्ग एकतीस, पॉम्पॉन डेलिया, पाच फुलं. पॉम्पॉन म्हणजे चेंडूसारखं घट्ट गोल फूल. त्याला एकच कडक अट होती. जजकडे बावन्न मिलिमीटरची धातूची रिंग असते. फूल तिच्यातून पलीकडे गेलं तर पॉम्पॉन, अडकलं तर बाद. स्नेहलने हा वर्ग काढून दाखवला तेव्हा आत्याचे डोळे चमकले.

"गेज," ती म्हणाली. "तीस वर्षं हेच केलंय गं मी. झाकण रिंगमधून गेलं, पास. नाही गेलं, लाल स्टिकर. आणि स्टिकरवर कारण लिहायचं. कारण न लिहिता रिजेक्ट केलं तर सुपरवायझर अख्खा ट्रे परत पाठवायचा."

स्नेहलने प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा कापून, घासून, कॅलिपरने तपासून रिंग तयार केली. जुलैभर दोघी डेलियांत होत्या. रात्री पाकळ्या कुरतडणारे, शेपटीला चिमटा असलेले इअरविग किडे धरायला काठ्यांवर गवत भरलेल्या कुंड्या उपड्या घातल्या. फूल दणकट व्हावं म्हणून स्नेहलने बाजूच्या कळ्या खुडायला घेतल्या तेव्हा आत्याने तिचा हात धरला. स्नेहलने रात्री पुस्तकं उघडली आणि सकाळी गुपचूप कबूल केलं. पॉम्पॉनच्या कळ्या खुडल्या तर उरलेली फुलं फुगतात आणि रिंगबाहेर जातात. झाडावर गर्दी ठेवली तर लहान राहतात.

"म्हणजे मी बरोबर होते."

"वेगळ्या कारणासाठी."

"बरोबर ते बरोबर."

ऑगस्टच्या मध्याला शोच्या सेक्रेटरी, मिसेस पार्सन्स, फाटकाशी आल्या. बाई मनाने चांगली. वर्षभर भेटली की हात हलवायची, थंडीत एकदा सूप घेऊन आली होती. डेलिया बघून त्यांनी मनापासून कौतुक केलं आणि मग मुद्द्यावर आल्या. गेल्या वर्षीचं कमिटीला फार वाईट वाटलं होतं. म्हणून यंदा चहाच्या टेबलाशेजारी एक खास टेबल ठेवायचं ठरलं होतं. 'जगभरची फुलं.' तिथे विमलाने आपल्या पद्धतीने, ताटलीत, हवं तसं मांडावं. जजिंगचं टेन्शन नाही.

"तिथे जज येणार नाही?" आत्याने विचारलं.

"अजिबात नाही. नुसतं बघायला. लोकांना खूप आवडेल."

"मग नको," आत्या म्हणाली. "मी एकतीस नंबरमध्ये नाव दिलंय. पॉम्पॉन. तुमच्याच वर्गात."

मिसेस पार्सन्स त्या वर्गात सलग सहा वर्षं पहिल्या आल्या होत्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, वा, छानच.

त्या रात्री स्नेहलच्या बाबांचा, राजेंद्रचा, फोन आला. तो लंडनमध्ये पिनरला राहायचा आणि थोरल्या बहिणीच्या गावातल्या वागण्याची काळजी फोनवरून करायचा. स्नेहलने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, ते टेबल घे ना. लोकांनी मानाने दिलंय. एकटी राहतेस तिथे, कशाला वाद?"

"राजू, तुला आईचा हार आठवतो?"

"आता तो कुठे काढतेस."

"आठवतो का ते सांग."

स्नेहलला ती गोष्ट ठाऊक नव्हती. फोन ठेवल्यावर आत्याने सांगितली, ओट्याशी उभ्या उभ्या, भांडी पुसत. नगर जिल्ह्यातलं गाव. आईने घरामागे शेवंती लावली होती. पंधरा ऑगस्टला शाळेत तसबिरीला घालायला म्हणून तिने रात्रभर बसून हार ओवला आणि विमलाच्या हाती पाठवला. हेडमास्तर गोड बोलले. म्हणाले, छान आहे, ठेव तिथे खिडकीत. तसबिरीला बाजारातून आणलेला हार चढला. विमलाच्या वस्तीतून आलेलं कुठे चढत नसे, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. चार दिवस हार खिडकीतच होता, कडेने तपकिरी होत गेला.

"हार वाईट झालाय, सुकलाय, असं म्हणाले असते ना, तर घरी येऊन आईला सांगितलं असतं, पुढच्या वेळी नीट कर. पण कोणी बघितलाच नाही. ते आईला काय सांगायचं?" आत्याने ताटली फडताळात ठेवली. "मला पहिला नंबर नकोय, स्नेहल. मला खिडकी नकोय. त्यांनी बघावं आणि मग नापास करावं."

शोच्या दिवशी पहाटे पावणेसहाला दोघी बागेत होत्या. गवत दवाने जड झालं होतं आणि श्वासाची वाफ दिसत होती. स्नेहलने बारा फुलं कापली, फूटभर देठांसह. प्रत्येक देठाला आत्या तोंडाने "च्" करत होती. बाराही रिंगमधून गेली. आत्याने पाच निवडली. स्नेहलने त्यातलं एक बाजूला केलं आणि दुसरं उचलून लावलं.

"हा फूल जास्त भरलेला आहे."

"हे फूल. भरलेलं. आणि मोठंय ते."

"आत्या, साडेएकावन्न आहे. मी मोजलंय."

आत्याने ते फूल राहू दिलं. शिकलेल्या माणसाने मोजलं होतं.

साडेदहाला तंबू जजिंगसाठी बंद झाला, दीडला उघडला. तोवर ऊन चांगलंच तापलं होतं आणि तंबूत गवताचा, कांद्यांचा आणि घामाचा वास कोंडला होता. वर्ग एकतीसमध्ये सहा फुलदाण्या. मिसेस पार्सन्सच्या पिवळ्या फुलांपुढे लाल कार्ड, पहिला नंबर. शेवटच्या फुलदाणीपुढे, आत्याच्या जांभळ्या फुलांपुढे, पांढरं कार्ड. तीन अक्षरं.

स्नेहलचे कान गरम झाले. आत्याने कार्ड उचललं, उलटून पाहिलं. मागची बाजू कोरी होती.

"कारण नाही लिहिलं," ती म्हणाली. "तीनच्या आत लेखी आक्षेप घेता येतो, असं तू वाचलं होतंस ना? लिही."

स्नेहलने शेड्यूलच्या मागच्या पानावर लिहिलं. आत्याने सही केली आणि कागद सेक्रेटरीच्या, म्हणजे मिसेस पार्सन्सच्याच, हातात दिला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"विमला, हे जरा... मिस्टर डॉब्सन तीस वर्षं जज आहेत."

"मी पण तीस वर्षं," आत्या म्हणाली. "बोलवा त्यांना."

मिस्टर डॉब्सन चहाचा कप घेऊनच आले. उंच, ब्लेझर घातलेला माणूस. त्यांनी लांबूनच मान हलवली. मोठी आहेत, दिसतंच आहे.

"रिंग लावली होती?" आत्याने विचारलं.

"गरज पडली नाही. इतक्या वर्षांची नजर आहे."

"नजर नको. रिंग."

आजूबाजूला माणसं थांबली. केक घेऊन निघालेलं एक जोडपं केकसकट उभं राहिलं. मिस्टर डॉब्सननी कप टेबलावर ठेवला आणि खिशातून पितळी रिंग काढली. पहिलं फूल गेलं. दुसरं गेलं. तिसरं रिंगला पाकळ्या जरा घासत गेलं. चौथं गेलं. पाचव्याला रिंग मध्यावर अडकली.

ते स्नेहलने बदललेलं फूल होतं. तिला तेव्हाच कळलं. तिने थंडीत मोजलं होतं, तंबूत ते चार तास उमलत राहिलं होतं. मोजमाप चुकलं नव्हतं, कधी मोजायचं ते चुकलं होतं. आत्याकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

"माफ करा," मिस्टर डॉब्सन म्हणाले, आणि आवाजात सुटका होती. "नजर बरोबरच होती."

"एका फुलासाठी. चार पास झाली," आत्या म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नव्हता. "पण नियम नियम आहे. मी बाद. कार्डवर कारण लिहा, आणि सही करा." मग तिने शेजारच्या फुलदाणीकडे बोट केलं. "आता ही मोजा."

"कोणती?"

"सगळी. रिंग हातात आहेच तुमच्या. माझ्या एकटीसाठी काढली, असं नको दिसायला."

मिस्टर डॉब्सननी मिसेस पार्सन्सकडे पाहिलं. मिसेस पार्सन्स फुलदाणीकडे बघत होत्या. केकवाल्या बाईने मोठ्याने "फेअर इनफ" म्हटलं, आणि त्यानंतर त्यांना दुसरा रस्ताच उरला नाही.

उरलेल्या पाच फुलदाण्या, पंचवीस फुलं. हे व्हायला दहा मिनिटं लागली, आणि त्या दहा मिनिटांत तंबूतली बरीच माणसं वर्ग एकतीसभोवती आली. मिसेस पार्सन्सच्या पाचांतली दोन अडकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरचं एकेक अडकलं. लाल कार्ड टेबलावरून सरकत सरकत चौथ्या फुलदाणीपुढे आलं. ती होती सायकलवरून पोस्ट वाटणाऱ्या एका अबोल माणसाची, जो त्या वेळी बाहेर सॉसेजच्या रांगेत उभा होता आणि नंतर कितीतरी वेळ ते खरं मानायला तयार नव्हता.

मिस्टर डॉब्सननी अडकलेलं फूल पट्टीने मोजलं आणि आत्याच्या कार्डामागे लिहिलं : 'एक फूल, ५३ मि.मी.' खाली सही केली. आत्याने चष्मा लावून वाचलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कार्ड पर्समध्ये ठेवलं.

"आत्या, सॉरी," स्नेहल कुजबुजली. "ते फूल मीच बदललं. तू निवडलेलं गेलं असतं."

"गेलं असतं," आत्या म्हणाली. "पुढच्या वर्षी दुपारी तंबूत मोजून बघू, किती वाढतं ते. तुझा तो सरासरी आकडा काढ." मग पर्सची चेन ओढत, "पण बघितलं ना त्यांनी? एकेक फूल हातात घेऊन?"

चार वाजता घंटा झाली. शो संपला, ज्याने त्याने आपापलं उचलायचं. मिसेस पार्सन्स बाद झालेली पिवळी फुलं घेऊन शेजारीच उभ्या होत्या. चेहरा पडलेला होता, तरी त्या तिथून हलल्या नव्हत्या.

आत्याने पिशवीतून स्टीलची ताटली काढली. फुलदाणीतलं पहिलं फूल मानेपाशी धरलं आणि चिमटीने टचकन खुडलं. मग दुसरं. देठ तिने फुलदाणीतच राहू दिले.

"अहो, देठ," मिसेस पार्सन्सच्या तोंडून निघून गेलं. "इतके सरळ देठ."

"स्पर्धा संपली," आत्या म्हणाली. "आता ही माझी फुलं आहेत."

उरलेली तिने सावकाश खुडली, सगळ्यांच्या देखत. चार कडेला ठेवली आणि त्रेपन्न मिलिमीटरचं मधोमध.