चौदा टक्के

आमच्या कंपनीने १९९९ साली गिरण्यांच्या कामाच्या छापील अहवालांपासून सुरुवात केली. मग आलेख आले आणि २०११ मध्ये लाल-हिरवे रंग दाखवणारा डॅशबोर्ड आला. आमगावच्या एका राइस मिलमध्ये तो मी बसवला. तीन महिन्यांनी उघडून पाहिला, तर धानाच्या ओलाव्याची रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ होती. रोज चौदा टक्के.

धान तपासून आकडा भरणारे डोमाजीकाका दाणा दाताने फोडून ओलावा ओळखत.

"काका, रोज चौदाच काऊन?"

"पंधरा टाकला का तुहा डबा लाल होते, मंग मालक बोंबलते. चौदात सारे खुश."

"ओलावा मोजायचा मीटर दिला होता ना?"

"दातात सेल नाही टाकावा लागत, पोरी."

आकडे खोटे आहेत, हा आलेख कुणाला दाखवू नका, असे मी कंपनीच्या नागपूरच्या साहेबांना लिहिले. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. "आकड्यांचे नंतर बघू. इतकी स्थिर मिल प्रथमच मिळाली! आलेख नव्या माहितीपत्रकावर छापतोय, खाली तुझे नाव टाकून."

मी ते काकांना वाचून दाखवले.

"मंग रडून काऊन राहिलीस? नाव झालं ना!" त्यांनी नव्या पोत्यातला दाणा फोडला. "हा सोळाचा आहे. चौदा लिहून राहिलो."