मी तिसऱ्या प्लगची वायर

“रविवारी गाडी जाणार म्हणे. आणि तिच्याबरोबर...”

एवढं कानावर आलं आणि धाडकन बॉनेट मिटलं. तिच्याबरोबर काय? कोण? असं अर्धवट ऐकून कुणाला चैन पडेल का, तुम्हीच सांगा! मी एका जुन्या गाडीच्या इंजिनातली, तिसऱ्या प्लगची वायर बोलतेय. बॉनेटखाली दिसत काही नाही, म्हणून सगळा जीव कानात.

बोलत होत्या भिंतीपलीकडच्या मावशी. त्यांची बातमी निम्मी खरी असते. कुठली निम्मी, ते त्यांनाही ठाऊक नसतं.

आम्ही चौघी बहिणी. पार्टच्या दुकानात एकाच भेंडोळ्यात होतो. पोटात तांब्याच्या तारा, अंगावर काळं रबर. आम्हाला आणलं एका गुरांच्या डॉक्टरांनी. त्यांची दोन वेण्यांची मुलगी पाना धरून शेजारी उभी असायची. तिला ते म्हणाले, “वायर ताणून लावायची नाही, बाळ. इंजिन हलतं, तापतं. तिला अंग हलवायला जागा हवी.” आणि चांगली चार बोटं जास्त ठेवून त्यांनी मला कापलं. “आणि एका वेळी एकच काढायची. सगळ्या एकदम उपटल्यास तर कुणाचं घर कुठलं, ते देवालाही सांगता येणार नाही.”

आमचं काम म्हणाल तर निरोप्याचं. डिस्ट्रिब्युटर नावाच्या डबीतून वीज येते, ती जशीच्या तशी प्लगला पोचवायची. तिथे ठिणगी पडते, पेट्रोल भडकतं, गाडी पुढे जाते. आपल्या पोटात काही ठेवायचं नाही, वाटेत सांडायचं नाही, आणि एकीचा निरोप दुसरीच्या घरी द्यायचा नाही. माणसांना एवढं जमलं असतं तर निम्मी भांडणं मिटली असती.

पुढे डॉक्टरांचा हात मोडला तेव्हा ती मुलगीच गाडी चालवायची. तिच्या हाती इंजिन कसं गुणगुणायचं! मग तिचं लग्न झालं. डॉक्टर गेले आणि गाडी तिच्या सासरी आली.

नवे मालक शिंपी. माणूस सोन्यासारखा, पण गाडी चालवायचे ती शिवण घालावी तशी. दोन टाके पुढे, एक मागे. मुलगी आता बाई झाली होती आणि शेजारच्या सीटवर बसायची. इंजिन कण्हायला लागलं की आतून तिचा आवाज यायचा, “अहो, दुसरा गिअर.”

“मला कळतं,” मालक म्हणायचे आणि तिसरा टाकायचे.

मग मालकांना समोरचं वाहन उशिरा दिसायला लागलं आणि गाडी दुकानामागच्या शेडमध्ये उभी राहिली. बाई आठवड्यातून एकदा ती नुसती सुरू करायच्या आणि ऐकत थांबायच्या. उभ्याउभ्याच आम्ही म्हाताऱ्या झालो. माझ्या बहिणी गरम पाइपाजवळ राहून करपल्या, त्यांच्या अंगाला चिरा पडल्या; मी तेवढी त्यापासून जरा लांब होते. निरोप वाटेतच गळू लागले आणि इंजिन मिसिंग मारू लागलं, म्हणजे मधेच खोकू लागलं.

मावशींची ती अर्धी बातमी ऐकली, आणि शनिवारी बॉनेट उघडलं. मालकांच्या गळ्यात नेहमीची टेप, हातात नव्या वायरीचं भेंडोळं.

“उद्या ते लॉजवाले गिऱ्हाईक गाडी बघायला येणार. इंजिन खोकताना बरं नाही दिसत,” ते म्हणाले. “गाडी गेली की इथे कापायचं मोठं टेबल टाकू. तुलाच बरं, दुकानातला पसारा कमी.”

“मी पसाऱ्याबद्दल कधी काही बोलले?” बाई म्हणाल्या. मग वायरींकडे बोट करून म्हणाल्या, “एकेक काढा. सगळ्या एकदम नको.”

बस्स, एवढंच. मनात असेल ते एकदा बोलून टाकावं की नाही! पण बाई आत निघून गेल्या.

मालकांनी एकेकच काढली, ते खरं. पण माप माझं घेतलं नाही. डबीपासून प्लगपर्यंत टेप सरळ ताणली आणि कात्री चालवली. “पूर्वीचे लोक उगाच लांबलचक ठेवायचे. कशी बेतात बसली बघा!” असं स्वतःलाच म्हणाले.

आम्हा चौघींना पत्र्याच्या ताटलीत टाकलं. आणि तिथून मला एक अजब गोष्ट दिसली. गाडी! जन्म जिच्या पोटात काढला ती गाडी हिरवी आहे, हे मला त्या दिवशी कळलं. गोल डोळ्यांची, जरा फुगलेल्या गालांची. किती बघू आणि किती नको, असं झालं.

रविवारी लॉजवाले आले. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. मालक हसले. पण इंजिन जरा तापलं, थरथरलं, आणि माझ्या जागेवरच्या त्या बेतातल्या वायरीला ओढ बसली. तिचं टोपण प्लगवरून सुटलं. फट्... फट्... पुन्हा तोच खोकला.

मालकांचा चेहरा उतरला. लॉजवाले मात्र खुशीत. “असू द्या हो! मला कुठे चालवायचीय? लॉजच्या फाटकापाशी उभी करीन, वर दिव्यांची माळ सोडीन. लोक फोटो काढतील. चालली नाही तरी चालेल.”

चहाचा ट्रे खाली ठेवल्याचा आवाज झाला. जरा जोरातच.

“इंजिन बंद करा,” बाई म्हणाल्या.

“अगं, ते म्हणतायत ना, चालेल...”

“मला नाही चालणार. बंद करा आधी.”

फडक्याने त्यांनी ते टोपण दाबून पाहिलं. ते पुन्हा निसटलं. “अहो, ब्लाउजच्या शिवणीत दोन बोटं जास्तीची माया सोडता, आणि हिला गळफास लावल्यासारखी कापलीत?” मग त्या वळल्या आणि ताटलीतून नेमकं मला उचललं. वाकवून पाहिलं, चीर आहे का म्हणून बोट फिरवलं, पुसलं आणि माझ्या घरी बसवलं. टक्! तो आवाज मी विसरले नव्हते. त्याही नव्हत्या.

गाडी सुरू झाली. तापली, तरी गुणगुणतच राहिली. लॉजवाले म्हणाले, “वा! मग नक्की समजू?”

 मालक बाईंच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत होते.

“बसा. दोघंही बसा,” बाई म्हणाल्या. “निदान चालते कशी ते तरी बघून घ्या.” आणि स्टिअरिंगकडच्या दाराला हात घातला.

“अगं, लायसन्स?”

“संपलं की नवं करून आणते. तुम्ही कधी विचारलंत?”

 मग मालक लॉजवाल्यांना म्हणाले, “तुम्ही मागे बसा, साहेब. फिरून येऊ. पण फाटकापाशी उभं करायला दुसरं काहीतरी बघा.”

“आणि तुमचं टेबल?” बाईंनी विचारलं.

“आखूड करू. वायर आखूड करून पाहिली, आता टेबल करून बघतो.”

बाई बॉनेट लावायला आल्या. तेवढ्यात भिंतीपलीकडून मावशी कुणाला तरी सांगत होत्या आणि या वेळी मी सगळं ऐकलं. “मी सांगितलं नव्हतं? रविवारी गाडी जाणार, आणि तिच्याबरोबर बाईंचं उरलंसुरलं माहेरही जाणार!”

गाडी गेली, ते खरं. शेडमधून बाहेर, टेकडीच्या रस्त्याने, दुसऱ्या गिअरच्या वेळी दुसरा आणि तिसऱ्याच्या वेळी तिसरा. माहेरही तिच्याबरोबर गेलं. पण अंधार पडायच्या आत गाडीही परत आली आणि माहेरही.

बहिणी भंगारात गेल्या. मलाही कधीतरी जायचंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तेव्हा नव्या वायरीला माझ्या शेजारी ठेवून कापा, एवढंच मागणं. आणि बॉनेट जरा हळू लावत जा हो. आत कुणीतरी ऐकत असतं.