चंद्राची दुरुस्ती

म्हाताऱ्या कप्तानांचे डोळे गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. लेक जहाजावर थर्ड ऑफिसर. बढतीच्या परीक्षेत ती चंद्राच्या गणितात आपटली, तेव्हा त्यांनी काका, मामा, आत्या, सगळ्यांना फोन लावले. "चंद्राच्या वरच्या कडेची उंची घेतली आणि अर्धा अंश वजा करायला विसरली! हिच्या हाती जहाज म्हणजे माकडाच्या हाती कोलीत."

मग सुट्टीत रोज सकाळी गच्चीवर शिकवणी सुरू झाली. मावळतीकडे फिकट चंद्र, खाली समुद्र. लेक सेक्स्टंट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, डोळ्याला लावून उंची वाचायची, तक्त्यातले आकडे सांगायची. कप्तान तोंडी दुरुस्त्या करायचे; ती त्या कागदावर लिहून घ्यायची आणि स्वतःही गणित करायची. चंद्र आपल्या जवळचा, म्हणून पृथ्वीच्या पाठीवरून असतो त्याहून खाली दिसतो. तेवढं लंबन मिळवायचं. वरची कड घेतली असेल तर अर्धा अंश काढायचा. त्यांचं उत्तर कधी चुकत नसे. तिचं चुकलं की जिन्यातून आईला हाक जाई, "ऐकलंस का? लेकीनं पुन्हा दिवे लावले!"

एका सकाळी त्यांनी उत्तर सांगितलं. अगदी बरोबर होतं. लेक म्हणाली, "बाबा, लंबन दोनदा मिळवलंत."

"मी?"

"कागदावर दिसतंय ना."

त्यांनी पुन्हा आकडे मागितले, ओठ हलवत सावकाश मोजलं. उत्तर तेच आलं.

"आता अर्धा अंश काढायचा राहिला," ती म्हणाली. आपण हे बोललो यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. पण दुपारी जेवताना एकही टोमणा आला नाही, आणि कितीतरी दिवसांनी तिला घास गोड लागला.

दुसऱ्या दिवशी तिनं तेच केलं. तिसऱ्या दिवशी कप्तान बेरीज करता करता थांबले. "तूच कर बाई. माझं डोकं फिरलंय." चौथ्या दिवशी ते गच्चीवर आलेच नाहीत. आईनं पदरानं डोळे पुसत नातेवाइकांना फोन केले, "ह्यांना आताशा काही सुधरत नाही हो."

मग त्यांचा कशावरच भरवसा उरला नाही. औषध घेतलं का, दार लावलं का, सगळं लेकीला विचारू लागले. ती सांगेल ते खरं.

एका दुपारी आई बाहेर गेली होती. लेकीनं त्यांचं ताट वाढलं आणि टेबलावर झाकून ठेवलं. कप्तान चाचपडत येऊन खुर्चीत बसले.

"पोरी, मी जेवलो का गं?"

तिनं ताटाकडे पाहिलं. झाकणाच्या कडेनं वाफ येत होती.

"जेवलात की, बाबा. आत्ताच."

"हो का?" ते ओशाळं हसले. "पोटाला कळत नाही बघ." आणि भिंत धरून खोलीकडे परतले.

तिनं ताट पुढं ओढलं आणि जेवायला बसली.