मठातली वॉर्डसभा

सकाळपासून विशालाक्षीचं कशातच लक्ष लागत नव्हतं. दूध उतू गेलं, शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या त्या तशाच मिटल्या. वॉर्डाच्या निधीचं काय करायचं, ते आज संध्याकाळी रहिवाशांनी हात वर करून ठरवायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी कमान, की तिथं बसणाऱ्या भाजीवाल्या बायकांसाठी शौचालय? जायला जागा नाही म्हणून त्या बायका पहाटेपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. त्यांच्यातल्या कनगाला विशालाक्षीनं शब्द दिला होता, सभेत मी बोलेन. आणि नेमकी आज तिची पाळी आली.

तमिळनाडूत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुंभकोणमच्या या मराठी घरांत अशा बाईला शाळेत शिकवायला जाता येतं, विठ्ठलाच्या भजनमठात मात्र पाऊल टाकता येत नाही. सभा होती मठातच, गल्लीत मोठी जागा तेवढीच. शिकल्यासवरल्या मंडळींपैकी एकालाही त्यात वावगं वाटलं नाही!

"तूं मागच्या खोलींत बैस गे," सासू अंबाबाई म्हणाली. "रवि सांगेल तुझें."

रवि म्हणजे तिचा नवरा रविशंकर, नावाजलेला वकील. विशालाक्षीला घरात राहवेना. ती मठाच्या पायरीखाली, कनगाशेजारी जाऊन उभी राहिली. आत रविशंकर उठला, 'बायकांच्या सोयीचा विषय' असं काहीसं पुटपुटला आणि खाली बसला. कोर्टात गर्जणाऱ्या या माणसाच्या तोंडून देवासमोर शौचालय हा शब्द फुटेना. कमानीचं चित्र हातोहात फिरू लागलं. नगरसेवक कृष्णमूर्ती हात मोजायला उठले.

विशालाक्षीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं चपला काढल्या आणि सरळ आत गेली.

"आज तूं बाहेरची, विशाला," आत बसलेली अंबाबाई हळूच म्हणाली.

तिनं मग सगळ्यांना कळेल अशा तमिळमध्येच सांगितलं, की होय, मला पाळी आली आहे. आणि याच कारणानं आज ज्या बायका मागच्या खोल्यांत बसल्या आहेत, त्यांचे हात कोण मोजणार? माणसं सरकली, तिच्याभोवतीची चटई रिकामी झाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तिनं शौचालयासाठी हात वर केला.

"अम्मा, पायरीवर जा, तिथून मोजतो," कृष्णमूर्ती मान खाली घालून म्हणाले.

"इथंच मोजा. मोजेपर्यंत हात खाली घेणार नाही."

मग कनगा पायरी चढून आत आली आणि त्या रिकाम्या चटईवर हात वर करून उभी राहिली. कृष्णमूर्तींना मोजायला तिथूनच सुरुवात करावी लागली.