फळ्यांखालचे मास्तर

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत गर्दीमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. जिथे होती तिथे पाय ठेवायला बंदी होती. कारण मधोमध लाकडी जमीन झोपलेल्या माणसाच्या पोटासारखी वर आली होती, आणि त्या पोटाखाली गेल्या महिन्यात वारलेले मास्तर आहेत, असं पाताळबाबांनी जाहीर केलं होतं. एका म्हाताऱ्याने फळीला कान लावला आणि ओरडला, "खोकले!"

"खोकणारच," बाबा म्हणाले. "पाताळातून वर यायचं म्हणजे काय जिना चढणं आहे? आत्म्याला तहान लागते, माई. वरून पाणी दिलं की खालून आत्मा सरकतो!"

मास्तरीणबाईंनी तांब्या उचलला. मास्तर गेले तेव्हा आलेल्या पाहुण्यांनी बादल्या ओतून घर धुतलं होतं, आणि त्यानंतर जमीन जराशी उचलली होती. कुणीतरी बाबांना आणलं. बाबांनी आत्मा निसटू नये म्हणून भिंतीकडेच्या फटी मेणाने बुजवल्या, खिडक्या लावून घेतल्या आणि सकाळ-संध्याकाळ मंतरलेलं पाणी शिंपायला सांगितलं. पाणी पडेल तसतसे मास्तर वर येऊ लागले! घर खायला उठत होतं, तेव्हा बाईंना तो फुगवटा सोबतीला झाला. त्याच्याशी बसून त्या दिवसभराचं सांगत.

"आई, चल माझ्याकडे," लेक सांगून सांगून थकली होती.

"आणि ह्यांना टाकून?"

आज मात्र बाबांनी नवा सूर काढला. "माई, मास्तरांची इच्छा झालीय. ही खोली आता आमच्या आसनाला द्यायची. तुम्ही लेकीकडे जा. पाण्याचं आमचे शिष्य बघतील."

बाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "मला जा म्हणाले? ते?"

तेवढ्यात गर्दी रेटत खालच्या मजल्यावरचे शिंपीमामा आत शिरले. खांद्यावर ओला कोट. "वहिनी, हे ज्याला पाताळ म्हणतायत ते माझं दुकान आहे! मास्तर तिथे नाहीत. पाणी आहे, छतातून थेट गिऱ्हाइकाच्या कोटावर."

"मूढा, ते आत्म्याचे अश्रू!"

"मग त्यांना सांगा, बाहीवर नका रडू."

लोक हसले. हसणं वाढायच्या आत बाबा गरजले, "माई, मास्तर तळमळतायत! बादली मागतायत, अख्खी बादली!"

बाईंनी तांब्या खाली ठेवला. "बादली? बाबा, ही जमीन त्यांनी स्वतःच्या हाताने घातली. पुसताना फडक्यातून थेंब गळला तरी वर्गात ओरडावं तसे ओरडायचे, 'पीळ, घट्ट पीळ!' अख्खा संसार आम्ही त्या फडक्यावरून भांडलो. तो माणूस बादली मागेल?"

"मेल्यावर स्वभाव पालटतो."

"त्यांचा? तुम्ही त्यांना ओळखतच नव्हता!"

बाई भिंतीशी बसल्या आणि नखाने मेण खरवडू लागल्या. "इथे बोटभर फट सोडली होती त्यांनी. मी म्हटलं, काम अर्धवट का ठेवलंत? तर म्हणाले, 'अगं, लाकूड ओल पितं आणि आडवं फुगतं. फट ही त्याची हक्काची जागा. ती अडवलीस तर ते जाईल कुठे? वर!'"

लेक सुरी घेऊन धावली, मामांनी कात्री काढली. मेणाच्या लांब वळ्या निघाल्या. कट्ट! कडेच्या फळ्या भिंतीकडे सरकल्या आणि फुगवटा निम्मा खाली बसला.

"खोकले!" म्हातारा म्हणाला.

"लाकूड सरकलं, आजोबा," लेक म्हणाली, आणि सुटलेली एक फळी तिने उचलली. खाली ओल होती, काळी बुरशी होती, कुणीही नव्हतं. बाबाही नव्हते, चपला हातात घेऊन ते जिन्याने पाताळाकडे निघाले होते.

बाई त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिल्या. डोळे भरले. "इथे नव्हतेच," त्या हळू म्हणाल्या. मग लोकांकडे वळल्या. "मी रोज देवापुढे बसते, उद्याही बसेन. पण त्याने डोकं दिलंय ते नुसतं टेकवायला नाही. दुःखात माणूस आंधळा होतो आणि असले लोक नेमके तेव्हाच काठी धरायला येतात. म्हणून अचाट काही दिसलं, की हात जोडायच्या आधी विचारा: पाणी कुठून आलं? वाट कुणी अडवली?"

लेकीने खिडक्या उघडल्या आणि सांडलेलं पाणी टिपायला फडकं आणलं.

"घट्ट पीळ," बाई म्हणाल्या.